दुखत नाही, म्हणूनच दाखवा

वाचकांचे प्रश्न

या महिन्याची पत्रं बहुतेक एकाच विषयावरची आहेत : तोंडाच्या आतल्या अस्तराचे आजार. पांढरे-लाल चट्टे, न भरणाऱ्या जखमा, आखडत जाणारे गाल, वारंवार येणारं तोंड. ऊसतोडीच्या गावांतून, आश्रमशाळांतून, यंत्रमागाच्या वस्त्यांतून आणि आशाताईंकडून ती आली आहेत. मुखरोगतज्ज्ञ आणि सार्वजनिक दंतआरोग्यात काम करणारे अशा दोघांनी मिळून उत्तरं दिली आहेत. दात आणि कीड यांबद्दलचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : आम्ही एका झोपडपट्टीत तोंडाच्या आजारांची पाहणी करणार आहोत. वाचायला घेतलं तर एका अहवालात शंभरात दोघा-तिघांना चट्टे, दुसऱ्यात जवळजवळ निम्म्यांना. गरीब वस्तीत हे आजार नेमके किती असतात?
– समाजकार्याचे विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात. तपासणी कुठे झाली ते आधी पाहा. दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत येणारा माणूस काहीतरी होतंय म्हणूनच येतो, त्यामुळे तिथली टक्केवारी वस्तीला लावता येत नाही. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचं मोल वेगळं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे प्रा. येन्स पिंडबोर्ग यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. ते काम १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि कोणती सवय कुठल्या चट्ट्याशी जोडलेली आहे हे समजायला आजही उपयोगी पडतं.

मग बघा, काय मोजलं. तंबाखूचे डाग, गालावरची दातांच्या रेषेतली पांढरी शीर, काळसर रंग, पिवळे दाणे हे सगळं ‘बदल’ म्हणून धरलं तर आकडा फुगतो. कॅन्सरकडे वळू शकणारे बदलच धरले तर तोच आकडा खाली येतो. तुमच्या तक्त्यात हे दोन गट पहिल्यापासून वेगळे ठेवा, नंतर निवडता येत नाहीत.

शिवाय घरी कोण होतं? सकाळी अकराला गेलात तर म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया भेटतील. नाक्यावर उभा राहणारा, मिक्सरवर काम करणारा, रात्रपाळी करून झोपलेला, म्हणजे ज्याच्या गालात दिवसभर तंबाखूचा बार असतो तोच नेमका सुटतो. संध्याकाळी सातनंतर किंवा कामाच्या सुटीदिवशी जा.

महाराष्ट्राचा कल मात्र स्पष्ट आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले : पुरुष ३५.५, बायका १७ टक्के. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि तोंडात ठेवणारे किंवा दाताला लावणारे २४.४ टक्के. आपल्याकडे मार बसतो तो गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीलगतच्या खाचेला. तंबाखूविना नुसती सुपारी खाणारा या आकड्यांत येतच नाही, आणि सुपारीचा आजार तर वेगळाच आहे. त्याबद्दल पुढे.

गरिबाच्या तोंडाचं अस्तर जन्मतः वेगळं नसतं. भूक मारायला आणि झोप उडवायला तंबाखू लागते. रक्त कमी असलं की अस्तर पातळ होतं. तुटलेला दात काढून घ्यायला वेळ आणि पैसा नसतो, तो महिनोन्‌महिने जिभेला घासत राहतो. आणि दुखत नाही तोवर त्या तोंडात कुणी डोकावत नाही. म्हणून तुमच्या फॉर्ममध्ये ‘तंबाखू : हो/नाही’ एवढ्यावर भागवू नका. काय खाता, गालात कुठल्या बाजूला ठेवता, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, रात्री तोंडात ठेवून झोपता का, हे पाच प्रश्न विचारा. चट्टा आणि बार यांची बाजू जुळते की नाही, हे त्यातूनच कळेल.

प्रश्न : घरोघरी आजारांच्या धोक्याची माहिती घ्यायचा सीबॅक फॉर्म भरताना ‘तोंडात चट्टा आहे का’ विचारलं की सगळे ‘नाही’ म्हणतात. आरोग्य मंदिरात (उपकेंद्रात) सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम तपासतात तेव्हा मी सोबत असते. कसं बघायचं आणि काय चुकतं ते सविस्तर सांगा.
– आशा कार्यकर्ती, कुरखेडा तालुका

उत्तर : ताई, ती माणसं खोटं बोलत नाहीत. पांढरा चट्टा दुखत नाही आणि स्वतःचा गाल आतून कुणाला दिसत नाही. विचारून फार हाती लागत नाही, बघावं लागतं. एका तोंडाला तीन-चार मिनिटं पुरतात.

सामान थोडंच आहे : पांढऱ्या उजेडाची टॉर्च, हातमोजे, जीभ दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या, गॉजचे दोन तुकडे, पाणी. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल चट्टा लपतो, म्हणून टॉर्च पांढरीच हवी. आधी दोनदा खळखळून चूळ भरायला लावा. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) खाणाऱ्याच्या गालात चुना आणि सुपारीचा चोथा चिकटलेला असतो, तो चट्ट्यासारखा दिसतो. कवळी असेल तर ती काढायला सांगा.

बघायचा क्रम रोज तोच ठेवा, म्हणजे काही राहत नाही. ओठ बाहेरून, मग उलटून आतून. उजवा गाल, डावा गाल, दोन पट्ट्यांनी पूर्ण ताणून, ओठाच्या कोपऱ्यापासून शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत. गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच, वरची आणि खालची. टाळू. मग जीभ : टोक गॉजमध्ये धरून हलकेच बाहेर ओढा आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवा. जिभेची मागची कड अशी ओढल्याशिवाय दिसत नाही आणि घाईत सर्वांत जास्त तीच राहते. ‘जीभ टाळूला लावा’ म्हणून जिभेखालचा भाग पाहा. जिथे काही दिसलं तिथे मोजे घातलेल्या बोटाने दाबून बघा. आजूबाजूच्या मऊ भागात कडकपणा लागला तर ते महत्त्वाचं. शेवटी जबड्याखाली आणि मानेला गाठी चाचपा, आणि त्या माणसाची स्वतःचीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला लावा.

पांढरं दिसलं की गॉजने पुसा. पुसून निघालं आणि खाली लाल राहिलं तर बहुधा बुरशी. मधुमेह विचारा, दम्याचा पंप विचारा. वयाने तरुण आणि अंगाने खंगलेला असेल तर एचआयव्हीची तपासणी सुचवा. पुसून निघालं नाही, तर पाठवा. याशिवाय हे पाठवायचंच : लाल मखमली चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), पांढऱ्यात लाल ठिपके, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, कडक कडा, अचानक हलू लागलेला दात, तीन बोटं न जाणारं तोंड.

चुका ठरलेल्या आहेत. न भरणाऱ्या जखमेला महिना-महिना बी-कॉम्प्लेक्स देत राहणं ही सगळ्यांत महाग पडणारी. दुसरी म्हणजे दुकानातून आणलेली स्टेरॉइडची जेल. तिने आग कमी होते, आजार झाकला जातो. नोंदीत नुसतं ‘चट्टा आहे’ लिहून उपयोग नाही. बाजू, जागा आणि मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी लिहा, शक्य तर पट्टी शेजारी धरून फोटो काढा. पुढच्या खेपेला वाढला की नाही ते नाहीतर कशावरून सांगणार? चिठ्ठी देऊन पाठवलेला माणूस खरंच पोचला का, हे आठवड्याने विचारणं हा तपासणीचाच भाग धरा.

सरकारी कार्यक्रमात ही तपासणी तिशीनंतर दर ५ वर्षांनी आहे. तुमच्या भागात खर्रा विशीच्या आत सुरू होतो, त्यामुळे पंचविशीचा पोरगा तोंड उघडत नाही म्हणाला तर वयाकडे बघू नका, तक्रार घेऊन आलेल्याला तपासता येतं. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी अशीच डोळ्यांनी तपासणी केली होती. तिथे ३-३ वर्षांच्या अंतराने फेऱ्या झाल्या. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, हा निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. टॉर्च आणि दोन पट्ट्यांचं काम आहे ते. रोज खाणाऱ्यांची वेगळी यादी करून त्यांना वर्षाला एकदा बघता आलं तर उत्तम.

प्रश्न : वय २४. सात वर्षं खर्रा खातो. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, आणि आता तोंडात दोनच बोटं जातात. खर्रा सोडला तर तोंड पहिल्यासारखं उघडेल का?
– चंद्रपूर

उत्तर : नाही, आपोआप पहिल्यासारखं उघडणार नाही. हे आधी सांगतो, कारण सोडून दोन महिने झाले तरी फरक नाही म्हणून पोरं पुन्हा खर्ऱ्याकडे जातात. सोडल्याने आजार पुढे सरकायचा थांबतो किंवा मंदावतो, आणि तोच सर्वांत मोठा फायदा आहे.

तुमच्या लक्षणांवरून हा सबम्युकस फायब्रोसिस वाटतो. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याला हे नाव दिलं. दोष मुख्यतः सुपारीचा. तिच्यातलं अ‍ॅरेकोलीन अस्तराखालच्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं. तिच्यातल्या तांब्यामुळे ते तंतू एकमेकांत घट्ट गुंफले जातात, आणि टॅनिनमुळे शरीराला ते मोडता येत नाहीत. मऊ गाल ओलं कातडं वाळून ताठरावं तसा होतो. म्हणून ‘तंबाखू काढून नुसती सुपारी-चुना घेतो’ ही तडजोड चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूविनासुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. राज्यात गुटखाबंदी जुलै २०१२ मध्ये आली, पण खर्रा टपरीवर पन्नीत घोटून मिळतो, त्याला कारखाना लागत नाही.

आता करायचं काय. पट्टी घेऊन वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. निरोगी मोठ्या माणसात ते ३५ मिमीच्या वर असतं. दोन बोटं म्हणजे साधारण ३० मिमीच्या आत-बाहेर. आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि दर रविवारी मोजा. आरशात गाल पांढुरके, संगमरवरी दिसतात का, अंगठा आत घालून गाल चिमटीत धरला तर उभ्या दोऱ्या लागतात का, जीभ खालच्या ओठापलीकडे येते का, हेही पाहा.

व्यायाम आइसक्रीमच्या लाकडी काड्यांनी करा. कोमट मिठाच्या पाण्याने (पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ) चूळ भरा. मग एकावर एक रचलेल्या काड्या दाढांमध्ये धरा, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतक्या. पाच-दहा मिनिटं धरून ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. आठवडाभराने ते सोपं वाटलं की एक काडी वाढवा. घाई करून तीन काड्या वाढवल्या की आत चीर पडते, ती भरताना आणखी आखडते आणि तुम्ही होता त्याच्याही मागे जाता. दात हलत असतील किंवा कानाजवळ सांधा वाजून दुखत असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा.

दंत महाविद्यालयात गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं देतात, आठवड्याला एक-दोन, साधारण सहा ते आठ आठवडे. त्यांनी आग कमी होते, थोडं तोंडही उघडतं. पण व्यायाम सोडला की मिळवलेलं जातं, आणि खर्रा चालू ठेवून इंजेक्शनं घेणं म्हणजे पैसे आणि दुखणं दोन्ही वाया. शस्त्रक्रिया अगदी बंद झालेल्या तोंडासाठी राखून ठेवलेली असते. त्यानंतरही काड्या सुटत नाहीत.

आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. तोंड जितकं बंद, तितका तो उशिरा सापडतो, कारण आत बघताच येत नाही. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे.

प्रश्न : सासूबाई चाळीस वर्षं मशेरी लावतात. खालच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ पांढरट, सुरकुतलेली घडी झाली आहे. त्या म्हणतात, मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. आमची जाऊसुद्धा लावते, तिला चौथा महिना आहे.
– सातारा जिल्हा

उत्तर : आधी जाऊबाईंचं. मशेरी ही तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा मागोवा घेतला, त्यांतल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक मशेरीवाल्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही वाढलं. आज बंद केली तरी पुढचे पाच महिने बाळाचे आहेत.

सासूबाईंची घडी जिथे मशेरी ठेवतात तिथेच असेल, मऊ असेल, ओठ ताणल्यावर विरळ होत असेल तर तो तंबाखूने जाड झालेला थर असण्याची शक्यता जास्त. तो बहुधा बरा होतो. मशेरी पूर्ण थांबवून दोन ते सहा आठवडे थांबा. गेला तर गेला. राहिला, किंवा त्यात लाल भाग, चीर, खडबडीतपणा, कडकपणा असेल तर वाट न बघता दाखवा, बायोप्सी लागेल. एक पळवाट मात्र सांगून ठेवतो : ‘जागा बदलते’ म्हणून दुसऱ्या बाजूला लावायला सुरुवात केली की तिथे दुसरी घडी तयार होते.

पोटाची तक्रार खोटी नाही. निकोटीन आतड्याला ढकलतं आणि इतक्या वर्षांनी शरीर त्यावर विसंबलेलं असतं. पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि सालासकट डाळी, रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. मशेरीची वेळ तीच ठेवा, हातात ब्रश आणि पेस्ट द्या, नाहीतर ती रिकामी वेळ त्यांना पुन्हा डबीकडे नेते. दिवसातून चारदा लावणाऱ्या असतील तर दुपारची पहिल्यांदा बंद करा, सकाळची सर्वांत शेवटी. आणि बाजारात मिळणाऱ्या काळ्या-लाल मंजनाचं वेष्टन वाचा. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण सुटं, बिननावाचं मंजन कुणी तपासत नाही.

प्रश्न : आमची आजी धुमटी (पानात गुंडाळलेली तंबाखूची विडी) ओढते, तीही पेटता भाग तोंडात ठेवून. टाळू करड्या रंगाची झाली आहे, मधे लाल ठिपके आहेत.
– सावंतवाडी

उत्तर : गोव्यातली ही जुनी सवय. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या ५,४४९ गावकऱ्यांच्या तोंडांत नेमके हेच बदल शोधले होते. टाळूला धुराबरोबर थेट उष्णताही बसते. सरळ बिडी ओढणाऱ्याच्या टाळूवरचे असले ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात, पण उलट्या बाजूने ओढणारीचे तसे समजू नका. त्यात लाल पट्टा किंवा जखम शोधावी लागते, तेव्हा मुखरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. पटलं तर सोडेल, नाही पटलं तर निदान दर सहा महिन्यांनी टाळूवर टॉर्च मारून बघा.

प्रश्न : आश्रमशाळेत अनेक मुलींचे ओठांचे कोपरे चिरलेले, जीभ गुळगुळीत आणि लाल, तोंड सारखं येतं. गोळ्या देतो, पण पुन्हा तेच.
– शिक्षक, धडगाव तालुका

उत्तर : गुरुजी, तुम्ही सांगता त्यात तीन वेगळी दुखणी मिसळलेली आहेत.

कोपऱ्यांची चीर आणि गुळगुळीत जीभ हे बहुधा रक्त कमी असल्याचं लक्षण : लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२, कधी बी-२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा तुमच्या वर्गातलं चित्र नवल नाही. चिरेत बुरशी किंवा जंतू बसतात, मुली ओठ चाटतात, चीर ओली राहते आणि भरत नाही. एकच टॉवेल चौघी वापरत असतील तर तो आधी बंद करा. कोपऱ्याला क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा, दहा-बारा दिवस. तेवढ्याने न भरल्यास आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवा.

गोळीचं म्हणाल तर कोणती देता ते बघा. पिवळी बी-कॉम्प्लेक्स लघवी पिवळी करते, पण त्यात लोह नसतं. मुलींना आठवड्याला मिळायची ती निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची. ती जेवणानंतर द्या, चहाबरोबर नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलेलं वरण किंवा आवळा सोबत असेल तर उत्तम. शौच काळी होते हे आधी सांगा, नाहीतर मुली घाबरून गोळी गादीखाली टाकतात. जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी वर्षातून दोनदा. बी-१२ मात्र भाजी-भाकरीतून मिळत नाही. त्यासाठी अंडं, दूध, मासे, मटण यांपैकी काहीतरी ताटात यावं लागतं.

बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल आणि दोन-तीन महिने गोळ्या घेऊनही चढत नसेल, डोळे पिवळसर असतील, सांधे-हाडं दुखत असतील, तर तुमच्या भागात सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झालीच पाहिजे. नुसतं लोह वाढवत नेणं तिथे चूक.

‘तोंड येणं’ हे तिसरं. गोल, तळाशी पिवळट, कडेने लाल, ओठाच्या किंवा गालाच्या आत आलेला फोड साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप भरतो. ताप आहे, हिरड्या सुजल्या आहेत आणि अनेक बारीक फोड एकदम आले आहेत, हे विषाणूचं दुखणं. पाणी-पेज पोटात जाते का ते बघा, तीन-चार दिवस ताट-पेला वेगळा ठेवा. आणि अगदी अशक्त, नुकताच गोवर होऊन गेलेल्या मुलाच्या हिरडीवर घाण वासाचा करडा-काळा डाग पडून गाल सुजला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. नोमा नावाचा हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण काही दिवसांतच गालाला भोक पाडतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला.

प्रश्न : वडिलांच्या डाव्या गालात पांढरा चट्टा, त्यात लाल ठिपके. तालुक्याच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. गावात म्हणतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो. दसऱ्यानंतर आई-वडील ऊसतोडीला कोयत्यावर जाणार, उचल घेतलेली आहे, खाडा झाला तर पैसे कापतात.
– बीड जिल्हा

उत्तर : बायोप्सीने पसरत नाही. पसरतो तो थांबल्याने, आणि बायोप्सीनंतर दिसलं म्हणून दोष सुईला जातो. डाव्या गालात बार ठेवत असतील तर चट्ट्याचं कारण उघड आहे. लाल ठिपक्यांमुळे हा थांबण्याजोगा प्रकार नाही. जाण्याआधीच उरका.

कसं होतं ते वडिलांना सांगा, भीती अर्धी होते. गाल बधिर करून चट्ट्याच्या लाल किंवा जाड भागातून साधारण ५ मिमीचा तुकडा घेतात, एक-दोन टाके घालतात. उपाशी जायचं नाही, खाऊन जायचं. रक्त पातळ करायची गोळी, रक्तदाब, साखर हे आधी सांगायचं. पहिला दिवस मऊ, गार अन्न, तंबाखू अजिबात नाही, नाहीतर टाका सुटतो. आठवड्याने टाके काढतात, अहवालही सात ते दहा दिवसांत येतो. म्हणजे दोन फेऱ्या धरा. सकाळी ओपीडी उघडताच पोचलात तर पहिलं काम त्याच दिवशी होऊ शकतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय जवळ आहे.

अहवालात पेशीबदल सौम्य, मध्यम की तीव्र ते लिहिलेलं असतं. तीव्र असेल तर चट्टा काढतात. सौम्य असेल तर तंबाखू बंद करून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. अहवाल ‘कॅन्सर नाही’ आला म्हणून फाइल बंद होत नाही, कारण तपासला तो एक तुकडा, चट्टा त्याहून मोठा. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, म्हणून एक तपासणी कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात ठरवून ठेवा आणि अहवालाची झेरॉक्स आईच्या पिशवीत द्या. फोटो मोबाइलमध्ये असू द्या, नवीन डॉक्टरांना तुलनेला तो लागतो. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचार येतात, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. तपासणी आणि बायोप्सीचा खर्च मात्र सहसा आधी आपणच करायचा असतो. सरकारी महाविद्यालयात तो फार नसतो.

प्रश्न : वडिलांनी रस्त्यावरच्या दातवाल्याकडून पक्की बसवलेली कवळी लावली आहे. तिच्याखाली टाळू लालभडक आहे, दुखत नाही.
– इचलकरंजी

उत्तर : न निघणारी कवळी हीच तक्रार. खाली अन्न अडकतं, बुरशी वाढते. ती दंतवैद्याकडून काढून घ्या, घरी पक्कड लावू नका, शेजारचे दात निघून येतात. नंतर निघणारी कवळी बसवा. ती रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची (गरम पाण्याने वाकते), रोज साबण आणि ब्रशने घासायची. टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूला क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध दिवसातून तीन-चार वेळा, दोन आठवडे. नुसती टाळू रंगवून कवळी तशीच ठेवली की पंधरा दिवसांत लाली परत येते. साखर तपासा.

प्रश्न : गालाच्या आत, दोन्ही बाजूंना बारीक पिवळे दाणे दिसले. तंबाखू खात नाही. झोप उडाली आहे.
– नवी मुंबई

उत्तर : दोन्ही बाजूंना सारखे, न दुखणारे, वर्षानुवर्षं तसेच राहणारे पिवळे दाणे म्हणजे अस्तरातल्या तैलग्रंथी. मोठ्या माणसांत त्या सर्रास असतात. उपचार नाही, गरजही नाही. फोडू नका, टोकरू नका. पुढच्या वेळी दंतवैद्याकडे गेलात तर एकदा दाखवा, एवढंच.